कोकणातलं पाऊल आणि स्कीचा बूट: पहिल्यांदा बर्फावर जाणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीकडची तरुण मंडळी आता सह्याद्रीतल्या भटकंतीवर थांबत नाहीत. गुलमर्ग, औली, सोलंगला स्की शिकायला जातात. जाण्याआधी जाकीट, हातमोजे, गॉगल यांची खरेदी महिनाभर चालते. बुटाचा निकाल मात्र भाड्याच्या दुकानात, रांगेत उभ्या उभ्या, पाच मिनिटांत लागतो. खरं तर स्कीशी तुमचा सगळा व्यवहार बुटातूनच होतो. नडगी पुढे रेटली की बुटाची जीभ दबते, तो दाब स्कीच्या पुढच्या भागावर जातो आणि स्की वळायला लागते. पाऊल आत अर्धा इंच सरकत असेल, तर तुम्ही वळायचं ठरवल्यावर आधी पाऊल सरकतं, मग बूट हलतो आणि स्कीपर्यंत गोष्ट पोचेतो उशीर झालेला असतो. म्हणून नव्या माणसाला मी एवढंच सांगतो, की जाकीट मित्राचं मागून न्या, पण बुटाला वेळ द्या.

हा लेख मुद्दाम आपल्याकडच्या पायांसाठी लिहिला आहे. लहानपणी अनवाणी, मग स्लीपर, पावसाळ्यात लावणीचा चिखल आणि एरवी जांभ्याच्या पाखाड्या, अशा वाढलेल्या पायांचा चवडा बहुधा पसरट असतो, बोटं फाकलेली असतात आणि चवड्याच्या मानाने टाच बारीक असते. चालायला हे पाऊल उत्तम. स्कीच्या बुटात मात्र ते चवड्याला अडतं आणि टाचेला सैल पडतं. मग काय होतं? दुकानात २६ नंबरचा बूट चवड्याला आवळतो, की आपला माणूस म्हणतो, ‘‘भैया, एक नंबर बडा दो.’’ २७ घातला तरी जरासं आवळतंच, म्हणून २८. आता चवडा खूश, पण टाच वर-खाली नाचते. उतारावर ती धरून ठेवायला तो बकल कचकचून ओढतो, पावलाच्या वरच्या बाजूला रक्त अडतं, बोटं बधिर होतात आणि तो समजतो की बूट घट्टच आहे. मोठ्या बुटाने पाय दुखणारे लोक लहान बुटाने दुखणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

स्कीच्या बुटाची लांबी नंतर बदलता येत नाही, रुंदी मात्र बदलता येते. म्हणून लांबी मोजून घ्यायची आणि रुंदी करून घ्यायची. पुढचं सगळं याच क्रमाने आहे.

घरी घ्यायची मापं

जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून लादीवर, भिंतीला टेकवून ठेवा. टाच भिंतीला लावून दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा. घरातल्या कुणाला तरी सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण करायला सांगा. स्वतः वाकून खूण केली तर वजन हलतं आणि माप चुकतं. भिंतीपासून खुणेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये म्हणजे तुमचा नंबर. स्कीच्या बुटाचे नंबर थेट सेंटिमीटरमध्ये असतात आणि त्या पद्धतीला मोंडोपॉइंट म्हणतात. २६५ मिलिमीटर पाऊल म्हणजे २६.५. नेहमीच्या बुटांच्या नंबरावर विसंबू नका. तक्त्यात ८ नंबरापुढे २७ लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे सैल पायताणाची सवय असल्यामुळे ८ नंबर वापरणाऱ्याचं पाऊल मोजल्यावर कित्येकदा २६ भरतं.

दोन्ही पावलं मोजा, सारखी क्वचितच असतात. त्याच कागदावर चवड्याची सर्वांत जास्त रुंदीही मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. उकाड्यात संध्याकाळी पाय सुजट होतात, त्याने लांबी फारशी बदलत नाही पण घेर बदलतो. तेव्हा रुंदी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा घ्या.

मग कमान बघा. पाय ओला करून कोरड्या लादीवर किंवा सपाट कातळावर ठसा उमटवा. समुद्रावर ओहोटीच्या ओल्या वाळूत बघण्याचा मोह होईल, पण वाळूत पाऊल रुततं आणि चांगली कमानसुद्धा भरलेली दिसते. लादीवरच्या ठशात मधला भाग पूर्ण उमटला असेल तर वजन पडल्यावर तुमची कमान खाली बसते. कमान बसली की पाऊल लांबही होतं आणि रुंदही. हे पुढे इन्सोलच्या, म्हणजे बुटात पावलाखाली घालायच्या तळव्याच्या, वेळी उपयोगी पडेल.

शेवटची तपासणी उकिडवं बसण्याची. टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवून आरामात उकिडवं बसता येत असेल, तर तुमचा घोटा पुरेसा वाकतो. स्कीच्या बुटात नडगी सतत पुढे झुकलेली असते, त्यामुळे ही मोठी जमेची बाजू आहे. गावाकडची माणसं इथे ऑफिसच्या खुर्चीत वाढलेल्यांपेक्षा सरस ठरतात. ज्यांच्या टाचा उचलल्या जातात त्यांना बुटात टाचेखाली काही मिलिमीटरची पट्टी द्यावी लागते, म्हणजे घोट्याला तेवढंच कमी वाकावं लागतं.

बुटावरचे आकडे

बुटाच्या टाचेजवळ कडेला ३०५ किंवा ३१५ असा तीन आकडी अंक कोरलेला दिसेल. तो तळव्याची बाहेरची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतो. बाइंडिंग, म्हणजे स्कीवरची पकड, त्या आकड्याप्रमाणे लावतात. तुमचा नंबर तो नव्हे, पण फोटोत टिपून ठेवा, कारण बूट बदलला की बाइंडिंगही पुन्हा लावून घ्यावं लागतं.

दुसरा आकडा लास्टचा, म्हणजे चवड्याजवळच्या आतल्या रुंदीचा. साधारण ९८ म्हणजे अरुंद, १०० मध्यम, १०२ आणि पुढे रुंद. हा आकडा २६.५ च्या बुटासाठी दिलेला असतो. नंबर एकाने कमी झाला की रुंदीही सुमारे २ मिलिमीटरने उतरते. म्हणजे २४.५ चं पाऊल असलेल्या मुलीने ‘१००’ लिहिलेला बूट घेतला, तर तिला हाती लागते साधारण ९६ ची रुंदी. हे ठाऊक नसतं म्हणून लहान पण पसरट पावलाच्या मुलींचे फार हाल होतात. त्यांनी सरळ १०२-१०४ च्या लास्टपासून सुरुवात करावी. बायकांच्या बुटाची वरची कड पोटरीच्या मानाने जरा खाली आणि मोकळी असते, शक्य असेल तिथे तेच मॉडेल मागावं.

तिसरा फ्लेक्स. बूट पुढे वाकायला किती जोर लागतो ते हा सांगतो. नवशिक्या पुरुषाला ८० ते १००, स्त्रीला ६० ते ८० पुरे. वजनदार माणसाने थोडा वर जावं. एका कंपनीचा ९० आणि दुसरीचा ९० यांची तुलना करू नका, यासाठी सगळ्यांना लागू असं एक मोजमाप नाही. शिवाय बहुतेक शेल, म्हणजे बुटाची बाहेरची कडक कवचं, पॉलियुरेथेनचे असतात आणि हे प्लास्टिक उष्णतेत मऊ, थंडीत कडक होतं. मार्चमध्ये रत्नागिरीच्या पडवीत बसून घातलेला बूट छान वाकेल, तोच शून्याखाली गेल्यावर लाकडासारखा वाटेल. घरातल्या अनुभवावरून ‘मला अजून कडक हवा’ असं ठरवू नका.

शेलची परीक्षा

हे एक जरी नीट केलंत तरी निम्मं काम झालं. भाड्याच्या दुकानातही करता येतं. दुकानदाराला सांगा, ‘‘लायनर निकाल के शेल चेक करना है.’’ काम जाणणारा दुकानदार हे ऐकून खूश होतो आणि पुढे तुमच्याकडे जास्त लक्ष देतो.

बुटाचे दोन भाग असतात: बाहेरचं कडक शेल आणि आतला मऊ लायनर. लायनर बाहेर काढा. पातळ मोजा घालून पाऊल रिकाम्या शेलमध्ये सरकवा आणि बोटं पुढच्या भिंतीला अलगद टेकेपर्यंत पुढे न्या. आता गुडघा थोडा वाकवून टाचेमागे किती जागा उरली ते बघा. मोजायला खिशात शाळेतल्या तीन साध्या पेन्सिली ठेवा. एका पेन्सिलीची जाडी साधारण ७ मिलिमीटर. टाच आणि शेल यांच्यामध्ये दोन पेन्सिली बसल्या तर जागा सुमारे दीड सेंटिमीटर, म्हणजे नेमका बूट. तिसरीही बसली तर दोन सेंटिमीटरच्या आसपास, नवशिक्याला चालेल. तिन्ही घालून वर जागा उरत असेल तर तो बूट परत द्या, मग तो कितीही मऊ वाटो. दोनही बसत नसतील तर तो तुमच्यासाठी फार आखूड आहे.

बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चं शेल एकच असतं, फरक आतल्या भागात. तेव्हा अर्ध्या नंबरासाठी दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तसंच उभं राहून चवडा आणि घोट्याच्या दोन्ही बाजू बघा. शेलला हाड थेट टेकत असेल तर ती जागा लक्षात ठेवा. तिथेच पुढे रुंदी करून घ्यायची आहे.

बूट चढवण्याची पद्धत

एकच मोजा, पातळ, लोकरमिश्रित किंवा सिंथेटिक, नडगी झाकेल इतका उंच. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि थंडीत पाय गारठवतो. दोन मोजे घातल्याने ऊब वाढत नाही, सुरकुत्या आणि फोड वाढतात. थर्मलची कड बुटात कोंबायची नाही, ती मोज्याच्या वर थांबली पाहिजे. नडगीवर उठणारे निम्मे वळ या एका कडेमुळे असतात.

बूट रात्री खोलीत ठेवा, गाडीत किंवा व्हरांड्यात नको. गार शेल उघडत नाही आणि पाय घालताना पावलाची वरची बाजू सोलवटते.

पाय आत गेला की टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा, म्हणजे ती मागच्या खोबणीत बसेल. मग नेहमीच्या सवयीच्या उलट, खालून नाही, वरून सुरुवात करा. चार बकलांच्या बुटात आधी नडगीवरची दोन हलकी लावा, गुडघे पुढे वाकवून पुन्हा टाच मागे बसवा, मग घोट्याजवळचं. बोटांवरचं सर्वांत शेवटी, फक्त शेल मिटेल इतकंच. वरचा पट्टा, म्हणजे पॉवर स्ट्रॅप, नीट ओढा. बकलाची तार फिरवून ती एक-दोन मिलिमीटरने लांब-आखूड करता येते, हे दुकानात कुणी सांगत नाही. एका खाचेत सैल आणि पुढच्या खाचेत घट्ट असेल तर हीच तार फिरवायची.

आता बूट बरोबर आहे का? ताठ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढे टेकली पाहिजेत. गुडघे पुढे वाकवले की ती किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच उचलायचा प्रयत्न केला तर उचलता येऊ नये. पहिल्या दोन मिनिटांत ‘हा लहान आहे’ असं वाटणारच, आपल्या चपलेच्या पायाला तर नक्कीच. बूट काढू नका. वीस मिनिटं घालून बसा, उभे राहा, वाका. सगळीकडून सारखा दाब म्हणजे चांगला बूट. एकाच बिंदूवर टोचणारी कळ म्हणजे तिथे काम करावं लागेल. मुंग्या येऊन बोटं बधिर होत असतील तर आधी घोट्याजवळचं बकल सैल करा, कारण दोष बहुधा बोटांच्या जागेत नसून पावलाच्या वरच्या दाबात असतो. बधिर पाय थंडीत तसाच ठेवणं धोक्याचं आहे. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेली असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

पायाचीही तयारी हवी. नखं निघण्याआधी दोन-चार दिवस सरळ कापा. टाचेच्या भेगा, कुरूप, बोटांमधल्या चिखल्या आधी बऱ्या करून घ्या. बंद, ओलसर बुटात चिखल्या झपाट्याने पसरतात, आणि भाड्याचा लायनर आदल्या दिवशीच्या घामाने ओला असण्याची शक्यता भरपूर.

विकत कधी घ्यावा

पहिल्या खेपेला घेऊ नका. गुलमर्गची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था असो की औलीतले अभ्यासक्रम, शिकाऊंना साहित्य बहुधा तिथेच मिळतं. आपले मोजे आणि आपले इन्सोल मात्र घेऊन जा. भाड्याच्या बुटातही फरक लगेच कळतो. स्कीची गोडी लागली, दरवर्षी जायचं ठरलं, की सगळ्यांत आधी स्वतःचा बूट घ्या. स्की भाड्याच्या चालतात.

आपल्या भागात घरटी एखादा तरी आखातात नाहीतर बोटीवर असतो आणि त्याच्याकडून बूट मागवण्याची कल्पना निघतेच. ‘८ नंबर आण, जरा सैलच बरो’ असा निरोप देऊ नका. कॅलेंडरच्या कागदावरची मापं पाठवा: लांबी, रुंदी, आणि बदलून मिळण्याची मुदत विचारायला सांगा. स्वतः दुबईला जाणार असाल तर मॉल ऑफ द एमिरेट्समधल्या स्की दुबईत एक फेरी कराच. २००५ पासून चालू असलेल्या या बंदिस्त बर्फाच्या उतारावर तिकिटातच बूट मिळतात. वेगवेगळे नंबर खऱ्या थंडीत घालून बघण्याची ही चांगली सोय आहे.

लहान मुलांना ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून दोन नंबर मोठा बूट देऊ नका. गणवेशाला हा हिशेब ठीक, इथे मूल शिकतच नाही.

बुटात बदल: आधी काय, मग काय

क्रम चुकला की पैसे वाया जातात. आधी इन्सोल. बुटासोबत येणारा इन्सोल म्हणजे नुसता फोमचा तुकडा असतो. कमानीला आधार देणारा घट्ट इन्सोल घातला की बसणारी कमान वर राहते, पाऊल पसरत नाही, आणि कित्येकांची चवड्याची तक्रार तिथेच मिटते. ज्यांचा ठसा लादीवर पूर्ण उमटला त्यांनी हा खर्च टाळू नये.

मग लायनर. अनेक लायनर गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतात. हे काम दुकानातल्या यंत्रावर करून घ्यावं. तसंही काही दिवसांच्या वापरात फोम दबतो आणि बूट सैल पडतो. म्हणूनच सुरुवातीला घट्ट वाटणारा बूट योग्य असतो.

घरी निर्धास्त करता येण्यासारखं काम म्हणजे पॅडिंग. समजा आतल्या घोट्याचं हाड दुखतंय. हाडावर ओल्या कुंकवाचा ठिपका लावा, अनवाणी पाय रिकाम्या शेलमध्ये घाला, गुडघा वाकवून शेलला दाब द्या आणि पाय सावकाश काढा. शेलच्या आत जिथे लाल खूण उमटली ती दुखरी जागा. आता लायनरच्या बाहेरच्या बाजूला, त्या जागेभोवती, तीन मिलिमीटर जाडीच्या फोमचं मध्ये भोक असलेलं कडं चिकटवा. पॅड दुखऱ्या हाडावर नाही, त्याच्या भोवती लावायचं. हाडावर लावलं तर दाब वाढतो, भोवती लावलं तर तो वाटला जातो. टाच उचलली जात असेल तर घोट्याच्या मागे-खाली, टाचेच्या दोन्ही अंगांना अशाच पट्ट्या लावा. आधी चिकटपट्टीने तात्पुरत्या लावून बघा.

शेलला हात सर्वांत शेवटी, तोही बर्फावर दोन-तीन दिवस काढल्यावर. खूण केलेल्या जागी शेल ठरावीक तापमानापर्यंत गरम करून आतून यंत्राने दाबतात आणि गार होईपर्यंत दाब तसाच ठेवतात. याला पंचिंग म्हणतात. पसरट चवड्याला, करंगळीच्या मुळाशी, याने काही मिलिमीटर जागा सहज मिळते. दुसरा उपाय आतून घासून जाडी कमी करण्याचा. दोन्ही कामं जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. गॅसच्या ज्योतीवर किंवा रंगाऱ्याच्या हीटगनने घरी प्रयोग केला तर प्लास्टिक वेडंवाकडं होतं आणि तळव्याचा आकार बिघडला की बाइंडिंग वेळेवर सुटत नाही. पडल्यावर स्की सुटली नाही तर गुडघा जातो.

त्याच कारणाने तळव्याला जपा. सपाट तळव्याचे जुने बूट आणि खोबणीदार ग्रिपवॉक तळव्याचे नवे बूट वेगवेगळ्या प्रमाणांचे आहेत, प्रत्येक बाइंडिंगला दोन्ही चालत नाहीत. विचारून घ्या. आणि सराव म्हणून घरी बूट घालून चालायचं असेल तर सतरंजीवर. जांभ्यावर किंवा डांबरावर दहा फेऱ्या मारल्या तरी तळव्याची कड झिजते.

कोकणातला पावसाळा आणि बूट

फेब्रुवारी-मार्चमध्ये बूट घेऊन परत आलात की खरी परीक्षा सुरू होते. लायनर आणि इन्सोल बाहेर काढून पंख्याखाली, सावलीत दोन दिवस सुकवा. उन्हात किंवा चुलीजवळ नको. बकल आणि स्क्रू गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडे करा, किनाऱ्यालगतच्या घरात खारी हवा त्यांना गंज आणते. मग बकल हलकी लावून ठेवा, उघडा ठेवलेला शेल कालांतराने फाकतो.

दमट हवेत पॉलियुरेथेन आतून कमजोर होत जातं. ट्रेकिंगच्या बुटांचे तळवे माळ्यावर पडून पडून भुगा होतात, त्यामागे हेच कारण. म्हणून बूट पावसाळ्यात माळ्यावर किंवा पडवीत नकोत. घरातल्या सर्वांत कोरड्या कपाटात, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. ओलावा असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. जून ते सप्टेंबर, महिन्यातून एकदा बाहेर काढून वारा द्या, पुड्या बदला. हात घालण्याआधी बूट उलटा करून झटका, विंचवाला अशी जागा फार आवडते.

गणपती झाले, ऊन पडलं, की नीट तपासणी करा. बकलांच्या मुळाशी आणि घोट्याच्या सांध्याजवळ पांढरट रेघा किंवा बारीक तडे दिसले तर तो बूट उतारावर नेऊ नका. जुना, दुसऱ्याने वापरलेला बूट घेतानाही आधी याच दोन जागा बघा. तार, बकल, पॉवर स्ट्रॅप असे सुटे भाग लागणार असतील तर ऑक्टोबरातच मागवा, डिसेंबरात सगळ्यांचीच घाई असते आणि पार्सल रत्नागिरीला पोचायला वेळ लागतो. आणि विमानाने जाणार असाल तर बूट सामानात देऊ नका, केबिनमध्ये जवळ ठेवा. बाकी सगळं गुलमर्गला भाड्याने मिळेल, तुमच्या पावलाला बसवलेला बूट मिळणार नाही.